बंद करायची ती गोळी नव्हे

"केस गळणं, वजन वाढणं, हाडं झिजणं हे सगळे थायरॉईडच्या गोळीचे त्रास. गोळी बंद करा, धन्याचं पाणी प्या, पंधरा दिवसांत फरक बघा." हा मेसेज आमच्या पै-पाहुण्यांत निपाणीपासून खानापूरपर्यंत फिरतोय. खानापूरच्या माझ्या मावशीनं तो खरा मानला, म्हणून लिहितेय.

पंधरा दिवसांचं आधी बघू, कारण माणूस तिथंच फसतो. गोळीतलं थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईड ग्रंथी कमी बनवते ते हार्मोन, रक्तात निम्म्यावर यायलाच साधारण 7 दिवस लागतात. त्यामुळे गोळी सोडली तरी सुरुवातीचे दिवस जुन्या साठ्यावर निघतात आणि नाव धन्याच्या पाण्याचं होतं. मावशीही म्हणाली, "बघ, काय झालं मला?" दोन महिन्यांनी तिचा आवाज घोगरा झाला, तोंड सुजलं, भाकरी थापताना बोटांना मुंग्या यायला लागल्या. तेही तिनं वयावर ढकललं.

केसांचं म्हणाल तर आज गळणारा केस बहुधा दोन-तीन महिन्यांमागच्या दुखण्याचा असतो. दुखणं थायरॉईडचं, पण तोवर गोळी सुरू झालेली असते, म्हणून आळ तिच्यावर येतो. सुरुवातीला गोळीनंही थोडे केस जातात, पण ते थांबतं. याहून मोठा घोळ केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्यांचा. त्यांनी काही लॅबमध्ये टीएसएच (रक्ततपासणीतला आकडा, थायरॉक्सिन जास्त झालं की तो उतरतो) खोटाच कमी दिसतो, म्हणून डोस जास्त झालाय असं वाटतं. तपासणीआधी किमान दोन दिवस त्या थांबवायच्या, आणि डॉक्टरांना सांगायचं.

वजन वाढतं ते थायरॉक्सिन कमी पडल्यानं.

हाडांच्या गोष्टीत मात्र तथ्य आहे. डोस बराच काळ जास्त राहिला तर हाडं झिजतात, छाती धडधडते, हात थरथरतात; पाळी गेलेल्या बायकांना धोका जास्त. यावर उपाय डोस कमी करून घेण्याचा. तेही मनानं नको, डोस बदलला की 6 आठवड्यांनी टीएसएच बघून.

सोडण्याआधीही मावशीला गोळी नीट लागू पडत नव्हती, हेही खरं होतं. ती दुधाच्या चहाच्या घोटाबरोबर घ्यायची, मागोमाग कॅल्शियमची. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीत 4 तासांचं अंतर लागतं, नाहीतर थायरॉक्सिन पोटातून रक्तात नीट उतरतच नाही. आता थायरॉईडची गोळी उशाशी तांब्याजवळ असते, उठल्या उठल्या नुसत्या पाण्याबरोबर. चहा तासाभरानं. कॅल्शियमची पट्टी मी रात्रीच्या जेवणाच्या डब्यांशेजारी नेऊन ठेवलीय. धन्याचं पाणी ती अजून पिते, दुपारी.