नवसाची मेणबत्ती आणि तुंबलेलं सिंक

आमच्या घरात मेणबत्तीचं आजवर एकच काम होतं, लाईट गेली की लावायची. वाटी पालथी घालायची, तिच्यावर मेणाचे दोन थेंब पाडायचे, त्यात मेणबत्ती रोवायची आणि लाईट आली की सगळ्यांनी "आलीऽऽ" असं ओरडून फुंकर मारायची. होल्डर वगैरे भानगड नव्हती.

मग डिसेंबरात आमच्या लग्नाला २० वर्षं झाली आणि लेकीनं जाहीर केलं की हॉटेलात जायचं नाही, घरीच करायचं, नुसत्या मेणबत्त्यांच्या उजेडात. तिनं मोबाईलवर फोटो दाखवले. आरशावर मेणबत्त्या, पाण्यात मेणबत्त्या, जिन्यावर मेणबत्त्या. म्हणलं, बाळा, आपण इंदिरानगरला टू बीएचकेत राहतो, जिना सोसायटीचा आहे. पण तोवर बायकोला आयडिया आवडून झाली होती, त्यामुळे माझ्या मताला तसा काही अर्थ उरला नव्हता.

मला मेन रोडला पाठवण्यात आलं. रविवार कारंजाजवळ गाडी लावायला जागा शोधण्यातच अर्धा तास गेला, आणि दुकानदार विचारतो, "टी-लाईट देऊ का व्होटिव्ह?" मेणबत्तीला आडनाव असतं हे मला त्या दिवशी कळलं. टी-लाईट म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातळ वाटीतली चपटी, चारेक तास चालते. व्होटिव्ह म्हणजे दोनेक इंचाची बुटकी, खाली जरा निमुळती, हिला वाटी-बिटी काही नाही, पण दहा तास तरी जळते. मी मनातल्या मनात तासाचा भाव काढला आणि व्होटिव्ह घेतल्या, २४. "होल्डर?" म्हणाला. म्हणलं नको, आहेत घरी. घरी म्हणजे ताटल्या होत्या.

आदल्या रात्री रंगीत तालीम केली. काही मेणबत्त्या ताटल्यांत, काही टेबलक्लॉथवर, पाच थेट शोकेसवर. आता ही व्होटिव्ह मुळात काचेच्या ग्लासात अख्खी वितळायलाच बनवलेली असते, म्हणजे मेणाचं पाणी होणार, ग्लास ते धरून ठेवणार आणि वात त्यातून वर ओढत राहणार, असा सगळा हिशोब असतो. ग्लास नसला की ती तासा-दीड तासात फतकल मारून बसते. आमच्या एकदम पाचही बसल्या. गोदावरीला पूर आला की नाशकात दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं ते बघतात, गुडघ्याला की कमरेला की छातीला, तसं मी जेवून आलो तेव्हा शोकेसवरच्या मातीच्या गणपतीच्या उंदराच्या कानापर्यंत मेण चढलं होतं.

टेबलक्लॉथवरचं मेण काढायला कागद ठेवून वरून कोमट इस्त्री फिरवायची, मेण कागदात शोषलं जातं, हे खरंच चालतं. फक्त कागद कोरा घ्या. मी त्या दिवशीचा पेपर घेतला. मेण निघालं, पण मीन राशीचं भविष्य उलट्या अक्षरात टेबलक्लॉथवर उमटलं. बायकोची रास मीन आहे, तिनं ते आरसा धरून वाचलं. "जोडीदाराशी मतभेद संभवतात."

दुसऱ्या दिवशी परत मेन रोड, परत पार्किंग, २४ काचेचे होल्डर आणि मेणबत्त्यांचा दुसरा लॉट. दुकानदार काही बोलला नाही, नुसता हसला. पाण्यात तरंगणाऱ्या पण घेतल्या, त्यांच्यासाठी माळ्यावरचं आजोबांचं तांब्याचं घंगाळ काढलं, चिंच लावून लख्ख घासलं, झेंडूच्या पाकळ्या टाकल्या. आई बराच वेळ बघत उभी राहिली. मला वाटलं जुन्या आठवणींनी गहिवरली. "अरे, ह्यात तुझे आजोबा अंघोळीचं पाणी काढायचे, त्यात तू मेणबत्त्या पोहायला सोडतोस?"

पण खरं सांगतो, संध्याकाळी ट्यूबलाईट बंद केली आणि घर घर वाटेना. भिंतीचा उडालेला पोपडा दिसेना, सोफ्याचं उसवलेलं दिसेना, वीस वर्षांत मी किती जाड झालो तेही दिसत नसावं, कारण बायको माझ्याकडे बघून चक्क हसली. व्हॅनिलाचा वास सुटला होता. गुलाबजाम समजून मी एकदा घंगाळातला झेंडू चमच्यात घेतला, तेवढं सोडलं तर सगळं छान झालं.

खरी परीक्षा सकाळी. २४ ग्लास आणि प्रत्येकाच्या बुडाशी घट्ट मेण. ग्लासात आधी चमचाभर पाणी घालून वर मेणबत्ती ठेवली तर मेण चिकटत नाही, हे लेकीनं मला दुसऱ्या दिवशी वाचून दाखवलं. दुसरा उपाय फ्रीझर, गारठ्यानं मेण आकसतं आणि सुटून येतं. पण डिसेंबरात आमच्या फ्रीझरमध्ये मटार असतो, सोललेला, आठ किलो, त्याच्या जागेला हात लावायची कुणाची टाप नाही. मग मी गरम पाण्याचा मार्ग धरला. ग्लासांत कढत पाणी ओतलं, मेण कसं सुंदर वितळून वर तरंगलं आणि ते सगळं मी सिंकमध्ये ओतून दिलं.

नाशिकच्या डिसेंबरात पहाटे पाईपसुद्धा कुडकुडत असतो. मेण तिथे जाऊन जे बसलं ते बसलंच. साडेनऊपर्यंत सिंक भरलं, दहाला त्यात भांडी तरंगायला लागली. आई म्हणाली, "आता सोड ह्यात तुझ्या मेणबत्त्या."

प्लंबर म्हणे संध्याकाळी येतो. ऑफिसात नाशिकरोडच्या मित्राला हे सांगितलं तर तो पोट धरून हसला. म्हणाला, अरे व्होटिव्ह म्हणजेच नवसाची. तो दर फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला जातो, तिथे कुठून कुठून लोक येतात, मेणबत्त्या लावतात, मागणं मागतात. "तू शोभेला लावल्यास, काही मागितलंस का?" नव्हतं मागितलं. घरी आल्यावर उरलेली एक गुपचूप लावली, ग्लासात, चमचाभर पाणी घालून, आणि म्हणलं, देवा, फक्त सिंक मोकळं कर.

सात वाजता प्लंबर आला. ओट्याखाली आडवा झाला, पाईप सोडवला, जोरात आपटला आणि आतून जे निघालं ते माझ्या हातात दिलं. वीतभर लांब, गुळगुळीत, बरोब्बर पाईपाच्या आकाराचं पांढरं मेण, त्यात एक कढीपत्त्याचं पान, चार मोहऱ्या आणि शेवयाचा तुकडा. अजून व्हॅनिलाचा वास येत होता. "काका, हे टाकू का?" म्हणाला.

टाकू दिलं नाही लेकीनं. तिनं दाभण तापवून भोक पाडलं, देवघरातली वात ओवली आणि पालथ्या वाटीवर मेणाचे दोन थेंब पाडून ते शोकेसवर उभं केलं. रविवारी शेजारच्या वहिनी आल्या तर थेट तिथेच गेल्या. "अय्या, आत खरी पानं आहेत! कितीला पडली हो?"

"चारशे," मी म्हणलं, "व्हिजिट चार्ज धरून."