फक्त एक आकडा बदलायचाय

फेब्रुवारी-मार्चात सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे रंगात आले की माझा फोन वाजायला लागतो. पलीकडं अडत्यांचा इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या. "दादा, पट्टी निघायला वेळ लागतोय. वर्क मेम 4 एमबीच आहे की ओ! 256 करून टाका. फक्त एक आकडा बदलायचाय."

एक बरोबर आहे त्याचं. पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब, निघते पोस्टग्रेस या डेटाबेसमधून; त्याचा सर्व्हर मी बघतो. वर्क मेम म्हणजे सॉर्टला, माहिती क्रमानं लावायला, दिलेली रॅम. पोस्टग्रेसमध्ये ते मुळात 4 एमबीच असतं. पण ते अख्ख्या सर्व्हरला मिळून नव्हे. प्रत्येक क्वेरीतल्या, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातल्या, प्रत्येक सॉर्टला वेगळं. म्हणजे जिलेबी ताटाला किती हे ठरवायचं, पण हिशेब पंगतीचा करायचा. 100 कनेक्शनं, प्रत्येकी एकच सॉर्ट, 256 एमबी: झाले 25 जीबी. मशीनची रॅम 16, त्यातली 4 शेअर्ड बफर्सनी, म्हणजे पोस्टग्रेसच्या सगळ्यांत सामायिक मेमरीनं, आधीच अडवलेली. रॅम संपली की लिनक्स एखाद्या प्रोसेसचा गळा धरतं. ती पोस्टग्रेसची निघाली, तर सामायिक मेमरी नासली असेल या धास्तीनं पोस्टग्रेस उरलेल्या सगळ्यांची कनेक्शनं तोडतं आणि रिकव्हरीला, म्हणजे डेटा सावरायला, बसतं. एकाची पट्टी उशिरा निघत होती, आता कुणाचीच निघत नाही.

म्हणून मी आधी टेम्प फाईलींची नोंद लॉगमध्ये सुरू करतो. सॉर्ट रॅममध्ये मावला नाही की डिस्कवर सांडतो. किती सांडला ते तिथं दिसतं. मग तेवढ्या रिपोर्टच्या युजरलाच 64 एमबी बांधून द्यायचे. बाकीची पंगत 4 वरच जेवते.

एककांची तऱ्हा निराळीच. शेअर्ड बफर्ससमोर मनात एमबी धरून नुसतं 4096 लिहिलं, तर पोस्टग्रेस ते 8 केबीचे 4096 तुकडे समजतं आणि हातात 32 एमबी पडतात. वर्क मेमचा उघडा आकडा केबीत, स्टेटमेंट टाइमआउटचा, म्हणजे क्वेरीला दिलेल्या मुदतीचा, मिलिसेकंदात. बरं, एकक लिहावं तर एमबीची दोन्ही अक्षरं मोठी हवीत, केबीतला के मात्र लहान. पत्रिका जुळवतानाही लोक इतकं बघत नाहीत.

पण खरी मेख आहे रीलोडमध्ये, म्हणजे सर्व्हर बंद न करता सेटिंगची फाईल पुन्हा वाचायला लावण्यात. फाईलीत चुकीची ओळ असली, तरी चालू सर्व्हर लॉगात कुरकुर करतो आणि जुन्याच आकड्यावर चालत राहतो. रीलोडची आज्ञा 'ट्रू' म्हणते. त्याचा अर्थ निरोप पोचला, एवढाच. पुतण्या खूश, अडते खूश. पुढं पावसाळ्यात वीज जाते, बॅटरी मान टाकते, सर्व्हर नव्यानं उठताना तीच ओळ वाचतो आणि उठायलाच नकार देतो. बदल मार्चातला, बोंब जुलैतली. रीलोडआधी 'पीजी फाईल सेटिंग्ज' या पोस्टग्रेसच्या तक्त्याचा एरर रकाना बघितला, तर मार्चातच कळतं. शेअर्ड बफर्स आणि मॅक्स कनेक्शन्स (एका वेळी जास्तीत जास्त किती कनेक्शनं) तर रीस्टार्टशिवाय हलतच नाहीत; 'पीजी सेटिंग्ज'मध्ये पेंडिंग रीस्टार्ट असं लटकलेलं असतं.

सांगलीजवळच्या हरिपूरला हळद जमिनीखाली पेवात ठेवायचे. वरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. तसं पोस्टग्रेसचंही एक पेव आहे: ऑटो कॉन्फ नावाची दुसरी सेटिंग फाईल. ऑल्टर सिस्टिम या आज्ञेनं केलेला बदल तिथं जाऊन बसतो आणि मुख्य फाईलीवर कुरघोडी करतो. मुख्य फाईल दहादा बदला, सर्व्हर ढिम्म. आकडा नेमका कुठल्या फाईलीतून आला हे 'पीजी सेटिंग्ज'चा सोर्स फाईल रकाना सांगतो. या पेवातल्याच आकड्यानं सर्व्हर उठेना, तर ऑल्टर सिस्टिम चालवणार कुणावर? मग 'ही फाईल हातानं बदलू नका' असं डोक्यावर लिहिलेली ती फाईल मुकाट्यानं हातानंच बदलायची.

(मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं उलटं. सेट ग्लोबल या आज्ञेनं केलेलं रीस्टार्टला विरून जातं. टिकवायचं तर 8.0 पासून सेट पर्सिस्ट.)

स्टँडबाय, म्हणजे मुख्य सर्व्हरची (प्रायमरीची) राखीव जोडी, असेल तर मॅक्स कनेक्शन्स वाढवताना आधी स्टँडबायवर, कमी करताना आधी प्रायमरीवर. क्रम चुकला की स्टँडबाय रुसतो.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका. पावसाळ्यात सांगलीकर तासातासाला पातळी विचारतो. सर्व्हरचा आकडा बदलल्यावर मात्र पातळी विचारायला कुणी येत नाही. मोकळी रॅम किती, पट्टीला किती सेकंद लागतात, टेम्प फाईली केवढ्या, हे मी बदलाच्या आधी लिहून ठेवतो; नाहीतर नंतर 'जरा फास्ट वाटतंय' यावर भागवावं लागतं. एका वेळी एकच आकडा, फाईलीची जुनी प्रत गिट या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात, आणि हातानं चेकपॉइंट चालवून, म्हणजे रॅममधले बदल डिस्कवर उतरवून, मगच रीस्टार्ट, तोही यार्ड बंद असताना.

"म्हणजे रविवारी?" पुतण्या विचारतो. "एका आकड्याला?"

"रविवारी. आणि तू ये. रूट पासवर्ड तुझ्याकडंच आहे, असं काका म्हणत होते."

फोनवर बराच वेळ नुसता सौद्याचा गलका ऐकू येतो.