टॉर्च माझ्याच तोंडावर का?

तिकिटाचे पैसे गेले ते जाऊ देत, पिक्चर भिकार असणार हे पोस्टरवरूनच दिसत होतं, पण त्या थिएटरवाल्या पोराने भर अंधारात माझ्या तोंडावर टॉर्च मारला ते काही डोक्यातून जात नाहीये.

मुलुंडला रात्रीचा शो, व्हॅम्पायरचा हिंदी पिक्चर. गोष्ट घडते ट्रान्सिल्व्हेनियात, म्हणजे रोमानियात, आणि या रोमानियात मागे नारळाची झाडं. किल्ला म्हणजे मढ आयलंडला असतात तसला बंगला, सिरियलमधल्या निम्म्या सासवा जिथे राहतात. व्हॅम्पायरचे दात सैल, त्यामुळे तो 'खून' म्हणाला की आधी थुंकी उडायची आणि मग आवाज यायचा.

माझ्या शेजारी एक काका. सोसायटीचे सेक्रेटरी असणार, पैज लावतो. पहिल्या सीनपासून काकूंना समजावणं चालू.

"बोलावल्याशिवाय याला घरात शिरता येत नाही, कळलं?"

"हा नियम तुमच्या भावाला लावा की."

"ऐक गं! आणि तो वॉचमन बघ, झोपलाय खुशाल. रजिस्टरमध्ये एंट्री नको? अशाने येणारच व्हॅम्पायर." मग पाच मिनिटं त्यांच्या बी विंगच्या वॉचमनवर. इकडे पडद्यावर हिरॉइनची मान चावून झाली, तिकडे पाण्याच्या टाकीचं झाकण कोणी उघडं ठेवलं ते अजून ठरत नव्हतं. मी गप्प. शेवटी काका म्हणाले, "आता उजाडू दे, ऊन लागलं की खलास."

आता मात्र राहवेना. म्हटलं, "काका, तो मघापासून उन्हातच उभाय. भर दुपारी शूट करून वर निळा रंग चढवलाय. सावली बघा पायाशी."

"व्हॅम्पायरला सावली नसते."

"अहो तेच तर म्हणतोय! आणि स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीत ड्रॅक्युला दिवसाही फिरतो, फक्त ताकद कमी होते, उन्हाने मरायची भानगड १९२२ च्या जर्मन मूकपटाने..."

टॉर्च. थेट डोळ्यांत. "सर, प्लीज बोलू नका, कंप्लेंट आलीय."

माझी? काका पडद्याकडे बघत शांतपणे पॉपकॉर्न खातायत, जसे काही मौनव्रतात आहेत. बरं, आधी जाहिराती कानठळ्या बसेपर्यंत लावल्या तेव्हा कंप्लेंट कोणाकडे करायची? बॅगेतली पाण्याची बाटली गेटवर काढून घेतली, आत तेच पाणी कितीला विकतात ते विचारू नका, आणि पॉपकॉर्न तिकिटापेक्षा महाग. रक्त पिणारे कोण ते पडद्यावर शोधायची गरजच नव्हती. चार ओळी पुढे एक माणूस फोनवर चक्क फ्लॅटच्या डिपॉझिटची घासाघीस करत होता, त्याच्यावर मारा ना टॉर्च!

सुटल्यावर लिफ्टमध्ये काका पुन्हा शेजारीच. "तो जर्मन पिक्चर काय म्हणालात तुम्ही? मूकपट आहे?"

"हो," मी तुटकपणे.

"मग बरं. म्हणजे आपल्याला नीट बोलता येईल."