ज्वारी लोळली की युरिया मारा म्हणे!

मंगळवेढा-मोहोळ साईडच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज लई फिरतोय, "ज्वारी लोळायला लागली की घाबरू नका, रोगबिग काही नसतो, वारं अन् पाण्याचा ताण आहे, युरिया मारा, बुरशीनाशक फवारा, पुढच्या साली हरभरा घ्या, रान साफ." ज्यानं लिहिलं त्यानं शेवटचं रान कधी बघितलं होतं काय माहीत.

रोग नसतो म्हणताय ना, मग पडलेलं एक ताट उपटा आणि बुंध्याकडची दोन-तीन कांडी अंगठ्यानं दाबून बघा. वाऱ्यानं पडलेलं आतून घट्ट असतं. खडखड्या रोगानं पडलेलं लगेच पिचतं, आणि विळ्यानं उभं चिरलं तर गाभा झडून नुसते दोरे राहिलेले, त्यावर मिरपूड भुरभुरल्यागत काळे बारीक ठिपके. खडखड्या आणते ती हीच मॅक्रोफोमिना बुरशी.

ताणाचं म्हणाल तर ते अर्धं खरं आहे, म्हणूनच मेसेज पटतो. बुरशी मातीत असतेच, मुळातनं आत शिरते, पण पीक फुलोऱ्यात आलं, दाणा भरायला लागला की ताटातलं अन्न सगळं कणसाकडं जातं, त्यात रानाला भेगा पडलेल्या आणि ऊन तापलेलं, मग ही बया वर चढते. नुसता ताण असता तर ताट आतनं असं पोकळ झालं नसतं.

कोरड्या रानात, मुळं कुजलेल्या ताटाला युरिया टाकून काय होणार? उलट जादा नत्र आणि दाट पेरणीनं खडखड्या वाढतो. फवारणीचं तर बोलूच नका, बुरशी ताटाच्या आत आणि तुम्ही पानं धुताय, खूश होतो फक्त दुकानदार.

आणि हरभरा! अहो, त्याची कोरडी मूळकूज हीच बुरशी करते. सोयाबीन, सूर्यफूल, मका, ५०० च्या आसपास वनस्पतींवर ती जगते. ते काळे ठिपके म्हणजे तिचं बी, धसकटात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतं.

करायचं ते आधी करायचं असतं. भेगा बुजेपर्यंत कोळपणी करा, म्हणजे कोळप्यानं वरची माती हलवा (एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, हे आपल्याकडं पोरांनासुद्धा माहितीय), आणि विहिरीत एकच पाणी शिल्लक असेल तर ते पोटरीत (कणीस अजून पानात असताना) नाहीतर फुलोऱ्यात द्या, राखून ठेवू नका. वाण घ्यायचा तर हलक्या रानात ‘फुले अनुराधा’, भारी रानात ‘फुले वसुधा’. आता पडलीच असेल आणि दाणा पक्का झाला असेल तर पहिलं कणसं खुडून घ्या, कडब्याचं नंतर बघू.