भुसा चाळून द्या

रविवारच्या सोसायटी मीटिंगला टँकर, लिफ्टची दुरुस्ती आणि मी, असे तीन विषय होते. टँकर आणि लिफ्ट चहा यायच्या आत पुढच्या महिन्यावर ढकलले गेले. मी मात्र चहा, बिस्किटं आणि नंतरच्या पाण्यापर्यंत पुरले. आरोप असा होता, की माझ्या भुशाने अण्णांची जास्वंद पिवळी पडली.

पार्किंगच्या टोकाला माझं शटरवालं गॅरेज आहे. तिथे छोटा लेथ टाकलाय आणि त्यावर मी लाकडाचे करंडे कातते. मुठीत मावेल एवढा, झाकणाचा, कुंकवाचा करंडा.

अण्णा तळमजल्यावर राहतात, बँकेतून रिटायर झालेत. पहिल्यांदा आले तेव्हा अर्ध्या शटरखालून वाकून म्हणाले, "मिस्टर नाहीत का?"

"वर आहेत."

"मग मशीन कोण चालवतंय?"

माझ्या तोंडावर प्लॅस्टिकचं शील्ड, हातात गोलची, म्हणजे गोल धारेची पटाशी, केसांत सागाच्या साली. आणखी काय पुरावा द्यायचा?

"हे हाताने करता?"

"हो."

"मग मशीन कशाला?"

"मशीन फक्त लाकूड फिरवतं, अण्णा. आकार हाताने द्यायचा."

"म्हणजे मशीनवरचंच की." त्यांचं समाधान झालं. मग ठोकळ्याकडे बघितलं, करंड्याकडे बघितलं. "एवढ्यातून एवढंसंच? बाकीचं लाकूड?"

"कोरून काढलं. आतून पोकळ नको का?"

"म्हणजे निम्म्याच्या वर राइट-ऑफ!" हे असं कर्ज त्यांच्या शाखेने कधीच मंजूर केलं नसतं, हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तेवढ्यात खाली पडलेल्या ढिगाकडे लक्ष गेलं आणि पहिल्यांदाच डोळ्यांत आस्था आली. "हा भुसा तुम्ही टाकून देता?"

तेव्हापासून अण्णा पिशवी घेऊन यायला लागले. मी करंडा करते आणि त्यातून भुसा निघतो असं नाही. मी भुसा करते, करंडा हा त्यातला उरलेला गाळ.

एकदा वाटलं, माणूस रोज येतोय तर झाकणाचं दाखवावं. झाकण आणि डबी एकाच ठोकळ्यातून काढायची, म्हणजे लाकडाच्या रेषा जुळतात. आधी झाकण कापून वेगळं करायचं, आतून कोरायचं, मग डबीच्या तोंडाला त्याच मापाची पायरी काढायची. सगळा जीव त्या पायरीत. दिसेल न दिसेल एवढं लाकूड काढायचं, लेथ थांबवायचा, झाकण लावून बघायचं, परत लेथ सुरू. एक हात जास्त पडला की झाकण खडखडतं आणि मग ते लाकूड कुठल्याच गोंदाने परत येत नाही. बरोबर जमलं, तर झाकण ओढताना हवेचा बारीक 'फुप्' आवाज येतो. त्या 'फुप्'साठी मी मान मोडून घेतलीय. तो अण्णांना ऐकवला.

"अडकलंय वाटतं," अण्णा म्हणाले. "खोबरेल लावा."

बरं, पावसाळ्यात खरंच अडकतं. लाकूड रेषांना आडवं फुगतं, रेषांच्या लांबीत जवळजवळ नाहीच. त्यामुळे जूनमध्ये गोल असलेलं तोंड ऑगस्टमध्ये किंचित लांबोळं होतं. रेषा जुळवून लावलं तर झाकण बसतं, पाव फेरी फिरवलं की रुसतं. हे ज्यांना करंडे दिले त्यांना बजावून सांगितलं. त्यांतल्या एकीने, "अगं पण यात ठेवू काय?" असं विचारलं. आता तिच्या करंड्यात मोबाइलचं सिम काढायची पिन आहे. कुंकू कोण लावतं? टिकल्यांच्या पाकिटाने करंड्याचं कामच संपवलं. कर्नाटकात लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या चन्नपट्टणचे कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते, वरून केवड्याचं पान दाबून चकाकी आणतात. आपल्या सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळांची परडी बघितलीत तर हात लावून खात्री करावी लागते. आणि गिऱ्हाईक काय विचारतं? "प्लॅस्टिकचं याच्या पाव किमतीत मिळतं ना?" मिळतं. घ्या मग तेच. मला अशा वेळी हसू येत नाही.

तर मीटिंग. अण्णांनी पुरावा म्हणून कुंडीच आणली होती. निम्मी माती, निम्मा भुसा, छान कालवलेला. मी शांतपणे सांगितलं, की ताज्या भुशात नायट्रोजन नगण्य असतो. तो कुजवणारे जिवाणू मातीतला नायट्रोजन ओढून घेतात आणि झाड उपाशी पडतं. वरून पातळ पसरला असता तर एवढं झालं नसतं. आधी खतात कुजवायचा असतो.

सेक्रेटरींनी लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं : "सदर भुशात नायट्रोजन असल्याचे वहिनींनी मान्य केले."

दुरुस्ती सुचवायला मी तोंड उघडलं, तोवर उत्सव कमिटीला कल्पना सुचली होती. झाडांना चालत नाही ना, मग गणपतीत रंगीत भुशाची रांगोळी काढू. विकतचा भुसा महाग पडतो, घरचा आहेच. फक्त बारीक हवा.

मी म्हटलं, माझ्याकडे बारीक निघत नाही. गोलचीला धार असली की लांब, कुरळ्या साली सुटतात. पीठ पडायला लागलं की समजायचं, हत्यार बोथट झालंय, दगडावर घ्यायला हवं.

"मग थोडे दिवस धार नका लावू," खजिनदार म्हणाले. अगदी मनापासून.

दोन पोती, चाळून, हरतालिकेच्या आत. ठराव एकमताने मंजूर. सूचक उत्सव कमिटी, अनुमोदक अण्णा.