धोंड्याचा महिना आणि दिल्लीतले जावई

वडलांचा फोन आला की मी पहिल्यांदा खात्यातला बॅलन्स बघतो. ह्या वेळी पैशाचं काही नव्हतं, पण जे होतं ते त्याहून वाईट होतं. "आत्या आणि काका येतायत दिल्लीला. दादा, वहिनी, पोरगी, सगळे. धोंड्याचा महिना लागलाय हे ध्यानात ठेव. जावई आहेत ते आपले, चांगल्या ठिकाणी जेवायला घाल." आणि फोन ठेवला. काकांच्या लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, तालुका कोर्टातनं नाझर म्हणून रिटायर होऊनही दहा वर्षं होत आली, पण जावई तो जावई, त्याला रिटायरमेंट नाही.

आता अडचण अशी की मला दिल्लीत चांगलं ठिकाण माहीतच नाही. चार वर्षं झाली राहतोय. लक्ष्मीनगरला खोली, खोलीवर डबा, डब्यात सोमवारी राजमा, मंगळवारी छोले, बुधवारी "आज कुछ अलग है" असं डबेवाला सांगतो तेव्हा कढी, आणि गुरुवारी परत राजमा. पण गावाकडच्या लोकांचा समज असा की राजधानीत राहतो म्हणजे हा रोज संध्याकाळी इंडिया गेटला चक्कर मारतो आणि येताना एखाद्या खासदारासोबत जेवून येतो. मी पण सुट्टीला गेलो की तो समज मोडत नाही, ही चूक माझी.

मंडळी गोवा एक्सप्रेसने निजामुद्दीनला उतरली. मे महिना, सकाळीच घामाच्या धारा. प्लॅटफॉर्मवरच आत्याने नियमावली जाहीर केली. अधिक महिना म्हणून तिने कांदा-लसूण सोडलाय आणि शिवाय एकभुक्त धरलंय. म्हणजे दिवसातनं एकदाच जेवणार. म्हणजे मला दिवसाला एकच चान्स, ते जेवण फसलं तर आत्या दुसऱ्या दिवसापर्यंत उपाशी आणि ही बातमी रात्री आठच्या आत सांगलीत. काकांना शुगर, त्यामुळे गोड बंद, आणि आत्याच्या नेमामुळे मटण-चिकन पण महिनाभर बंद, ते मात्र त्यांनी स्वतः सोडलेलं नव्हतं, त्यांच्या वतीने आत्याने सोडलं होतं. दादाला "इथलं ऑथेंटिक" खायचं होतं. वहिनींना दौलत की चाट. आणि पुतणीच्या मोबाईलमध्ये सेव्ह केलेल्या रील्स होत्या, तेवीस.

दौलत की चाटपासनं सुरुवात झाली आणि तिथंच पहिली विकेट पडली. ती मिळते फक्त थंडीत. दुधाचा फेस असतो तो, रात्रभर गारठ्यात ठेवून घुसळलेला, वर केशर, पिस्ते, खवा, जिभेवर ठेवला की गायब. मे महिन्यात दिल्लीत फेस फक्त माणसाच्या तोंडाला येतो. वहिनी काही बोलल्या नाहीत, नुसतं "बरं" म्हणल्या. ते "बरं" मला चार दिवस ऐकू येत होतं.

मग चांदनी चौक. ब्लू लाईन, राजीव चौकला यलो लाईन, तिथं बदलताना काका हरवले आणि सापडले, आणि बाहेर पडल्यावर सायकलरिक्षा, कारण मेन रोडवर दिवसा मोटारी बंद असतात. मी मनात पक्कं केलं होतं, पराठेवाली गली. कारण तिथल्या जुन्या दुकानांत कांदा-लसूण घालत नाहीत हे मी आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत शोधून काढलेलं. म्हणजे आत्याचा प्रश्न सुटला आणि पुतणीच्या तेवीसमधली एक रील पण कमी झाली. एका दगडात दोन पक्षी म्हणून मी जरा छाती काढून पुढं चालत होतो.

गल्ली कसली, बोळ तो. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागं जायचं. भिंतीवर पाहुण्यांचे जुने फोटो, आणि दारातच भली मोठी कढई, त्यात तूप खदखदतंय. भटारी गोळा लाटतो, आत सारण भरतो आणि सरळ कढईत सोडतो. आत्या थांबली. तिने कढईत वाकून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, मग परत कढईत.

"बाळ्या, हा परोठा कुठाय? ही पुरी आहे."

"आत्या, इथं असाच करतात."

"परोठा तव्यावर भाजतात. तळतात ती पुरी. मी काय आजची स्वयंपाक करते का?" आणि मग थेट भटाऱ्याला, तिच्या स्वतःच्या हिंदीत, "भैया, हमको तळा हुआ नहीं चलता, भाजा हुआ दो."

भटारी म्हणला, "माताजी, भाजी साथ में फ्री है."

पुढची पाच मिनिटं दोघं एकमेकांशी अगदी प्रेमाने बोलत होते आणि एकाचं एक अक्षर दुसऱ्याला कळत नव्हतं. मी मध्ये पडलो नाही. शेवटी आत्या आत जाऊन बसली, कारण पाय दुखत होते. बोर्डवर पराठ्यांचे प्रकार, बटाटा-मटार-पनीर ठीक आहे, पण पापड पराठा, लिंबू पराठा, भेंडी पराठा, कारलं पराठा, रबडी पराठा. काकांनी शुगरसाठी चांगलं म्हणून कारल्याचा मागवला, तो तुपात तळून आला. शेजारी बटाट्याची भाजी, लाल भोपळ्याची भाजी आणि केळं घातलेली चिंचेची गोड चटणी. आत्याने एक बटाट्याचा खाल्ला. मग एक पनीरचा. मग भोपळ्याची भाजी तीनदा मागून घेतली आणि उठताना म्हणली, "पुरी चांगली होती."

एवढ्यावर थांबायला पाहिजे होतं. पण दादाला जामा मशीद बघायची होती, गेलो. दुपार कलती झालेली, आणि तिथल्या गल्लीतनं सीख कबाबचा वास असा आला की काका बोलता बोलता थांबले. करीम हॉटेलच्या पाटीवर 1913 साल. काका पाटी वाचत उभे. "1911 ला राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला आणायची घोषणा झाली. म्हणजे दोनच वर्षांत ह्यांचं दुकान चालू. आणि नवी दिल्लीचं उद्घाटन व्हायला 1931 उजाडलं. म्हणजे आधी जेवायची सोय झाली आणि मग राजधानी झाली. ह्याला म्हणतात नियोजन." एवढं बोलून त्यांनी एक मोठा श्वास घेतला, नाकानेच जेवल्यासारखा. आत्या म्हणली, "इतिहास झाला असेल तर चला."

तरी काकांनी प्रयत्न सोडला नव्हता. त्यांना पेपरातलं एक प्रकरण तोंडपाठ होतं, बटर चिकन आणि दाल मखनी पहिल्यांदा कोणी केली ह्यावरनं दिल्लीतली दोन हॉटेलं 2024 मध्ये हायकोर्टात गेली तो दावा. रात्री गच्चीवर ते मला हळूच म्हणाले, "कोर्टाचा माणूस म्हणून सांगतो, अशा केसमध्ये स्थळपाहणी लागते. दोन्हीकडं जाऊन मुद्देमाल तपासला पाहिजे." मी म्हणलं, "काका, दाल मखनी चालेल की तपासायला." ते म्हणाले, "ती दुय्यम मागणी आहे."

दुसऱ्या दिवशी आंध्र भवन. दिल्लीत राज्याराज्यांची भवनं आहेत आणि त्यातल्या काहींच्या कँटीनमध्ये कोणालाही जाऊन जेवता येतं, हे एवढं एकच मला स्वतःच्या अनुभवाने माहीत होतं, ऑफिसातल्या एकाच्या निरोपाला गेलो होतो. दादाचं आधी "आपल्या महाराष्ट्र सदनात जाऊ" असं चाललेलं, पण वहिनी म्हणल्या दीड हजार किलोमीटर येऊन झुणका-भाकरी खायची तर रेल्वेचं रिझर्व्हेशन कशाला केलं, आणि त्या "बरं" नंतरचं हे त्यांचं पहिलं मोठं वाक्य होतं त्यामुळे मी लगेच होकार दिला.

टोकन घ्यायचं आणि उभं राहायचं. दिल्लीचं सगळं जग तिथं उभं, फाईलवाले, वकील, कॉलेजची पोरं, सहकुटुंब पर्यटक, सगळ्यांचं लक्ष खाणाऱ्यांच्या ताटाकडं, कोण ताक प्यायला लागलं म्हणजे उठणार. पंगतीत दुसऱ्याच्या मागं उभं राहायची सवय आपल्याला लग्नातनं असतेच, आत्याने बरोब्बर एका म्हाताऱ्या जोडप्यामागं जागा धरली. "सावकाश जेवा," असं त्यांना मराठीत सांगितलं आणि मग दोन मिनिटांनी परत सांगितलं. ते पटकन उठले.

आणि मग ताट. पुरी, भात, पप्पू म्हणजे त्यांच्याकडचं वरण, सांबार, रस्सम, भाज्या, दही, पापड, लोणचं, वर ती लाल पूड, तूप घालून भातात कालवायची. वाढपी नुसते पळत असतात. आत्या प्रत्येक वाटीवर बोट ठेवून विचारायची, "इसमें कांदा है?" आणि तो उत्तर म्हणून तिथं अजून एक डाव भात टाकून पुढं. तिसऱ्यांदा असं झाल्यावर तिने विचारायचं सोडून दिलं आणि दही-भात जवळ ओढला. काका मात्र अनलिमिटेड शब्द ऐकून वसुलीवर उतरले होते. कोर्टातल्या जप्तीच्या कामाचा अनुभव. पुऱ्या आल्या की एक, भात आला की दोन डाव, "शुगरचं काय?" विचारलं तर म्हणाले, "भात पांढरा आहे, गोड नाही." ते उठले तेव्हा दादाने एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने धरलं होतं. तो दिवस मी जिंकला असं मी धरतो.

तिसऱ्या दिवशी पुतणीने बंड केलं. तेवीसमधल्या दोनच रील्स झाल्या होत्या आणि तिला कॅनॉट प्लेसमधलं एक रेस्टॉरंट पाहिजे होतं, नाव नको, पण दिवे एवढे मंद की आत काय चाललंय ते मालकालाही माहीत नसावं. दिवसभर कुतुबमिनार, हुमायूनची कबर असं उन्हातनं फिरून, आत्याचं एकभुक्त रात्रीवर ढकलून, आम्ही साडेआठला पोचलो. दारातल्या पोराने नाव लिहून घेतलं, "फिफ्टीन मिनट्स सर." ती पंधरा मिनिटं पन्नास मिनिटं चालली. आत्या बाहेर त्या पांढऱ्या खांबाला टेकून पायरीवर बसली होती आणि येणारेजाणारे तिच्याकडं अशा नजरेने बघत होते की एकाने खिशात हात घातला, तेव्हा मी पळत जाऊन तिच्याशेजारी उभा राहिलो.

आत गेल्यावर वेटरने पहिला प्रश्न टाकला, "पानी रेग्युलर या मिनरल?" ह्या प्रश्नाला माणूस लाजेने मिनरल म्हणतो. काका म्हणाले, "नळाचं." मेन्यू सगळ्यांनी मोबाईलचे टॉर्च लावून वाचला, लाईट गेल्यावर अभ्यास करतात तसा. काका उर्दूसारखा उजवीकडनं डावीकडं, आधी आकडा मग पदार्थ, आणि प्रत्येक आकड्याला "अरारारा". आत्याने कांदा-लसणाचं सांगितलं. वेटर म्हणला ग्रेव्ही सगळी तयार असते. "मैडम, जीरा राइस बनेगा, दही मिलेगा, और पापड़." पापड आला तो मसाला पापड, त्यावर कांदा. आत्याने एकेक कांद्याचा तुकडा काट्याने उचलून काकांच्या ताटलीत ठेवला, न बोलता. दिवसाचं एकमेव जेवण, जिरा भात आणि दही. बिल आलं त्यात पाण्याच्या चार बाटल्या होत्या. त्या कोणी उघडल्या ते शेवटपर्यंत अंधारातच राहिलं.

मेट्रोत कोणी बोललं नाही. लक्ष्मीनगरला उतरलो, अकरा वाजत आलेले, उद्या त्यांची परतीची गाडी, आणि वडलांचा मेसेज आलेला, "वाण दिलंस का? 33." जावयाला तेहतीस अनारसे नाहीतर बत्तासे द्यायचे हे मी पार विसरलो होतो. रात्री अकराला दिल्लीत अनारसे कुठनं आणू? आणि आणले तरी शुगरवाल्या जावयाला तेहतीस अनारसे म्हणजे मान नव्हे, कट.

तेवढ्यात आमच्या कोपऱ्यावरचा गोलगप्पेवाला, लखनौकडचा आहे, पातेलं झाकता झाकता ओरडला, "बताशे खाएँगे बाबूजी? पानी के बताशे! लास्ट हैं!"

आत्या जागच्या जागी थांबली. "काय म्हणला तो?"

"आत्या, ती पाणीपुरी. त्यांच्याकडं तिला—"

"बत्तासे म्हणला ना?" तिने आधी कांदा आहे का विचारलं, नुसता बटाटा आणि चणे म्हणल्यावर पदर खोचला. "जावईबापूंना द्या. तेहतीस."

"आटे के या सूजी के?"

"जे पोकळ असतील ते," आत्या म्हणली. वाण जाळीदार-पोकळ वस्तूचं लागतं, त्यात तिची तडजोड नव्हती.

काकांनी पहिले दहा-बारा एकदम तब्येतीत खाल्ले, गोड चटणी बाजूला ठेवायला सांगून. चौदाव्याला डोळ्यातनं पाणी. एकोणिसाव्याला बास म्हणाले. "वाण अर्धवट ठेवत नाहीत," आत्या. दादा मदतीला पुढं आला तर त्याच्या हातावर चापट, "तू जावई आहेस का?" पुतणी व्हिडिओ काढत होती, वहिनी पहिल्यांदा मोठ्याने हसत होत्या, मी बोटं मोडत मोजत होतो, पंचविसाव्याला काकांनी पट्टा सैल केला, एकोणतिसाव्याला ठेल्याला हात टेकला. तेहतिसावा तोंडात गेला आणि फोन वाजला. आत्यानेच घेतला.

"दिलं की रे वाण. मोजून तेहतीस. नाही, अनारसे नाही मिळाले, बत्तासे. हो, दिल्लीत मिळतात. गरमागरम नाही रे, पाण्यातले." आणि ठेवला.

गोलगप्पेवाल्याने रीतीप्रमाणे मीठ-मसाला लावून एक सुकी पुरी पुढं केली, फुकटची. काकांनी दोन्ही हात जोडले.

"घ्या," आत्या म्हणली, "वाणावर एक वरचा लागतोच."