‘ईडा’ माणसाची पूर्वज नव्हे

एका लहान प्राण्याच्या संपूर्ण सांगाड्याचा फोटो ‘माणूस आणि प्राणी यांच्यातला हरवलेला दुवा अखेर सापडला’ या मजकुरासह सध्या फिरतो आहे. सांगाडा खरा आहे, दावा मात्र चुकीचा.

हा जीवाश्म जर्मनीतल्या मेसेल खाणीतला, सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीचा. १९८३ मध्ये तो सापडला आणि मे २००९ मध्ये ‘डार्विनियस मासिली’ या नावाने मोठ्या गाजावाजात जगासमोर आला. ‘ईडा’ हे त्याचं लाडकं नाव. जीवाश्म अप्रतिम आहे: केसांची बाह्यरेषा दिसते, पोटात शेवटचं खाल्लेलं फळ आणि पानं आहेत. एवढं सहसा मिळत नाही, म्हणूनच त्याची अशी जाहिरात व्हावी याचं वाईट वाटतं.

लेमूर हे मादागास्करमधले, माकडांचे लांबचे नातेवाईक. त्यांचे असतात तसे कंगव्यासारखे दात ईडाला नाहीत, म्हणून ती आपल्या, म्हणजे माकडं-माणसांच्या शाखेच्या जवळची, असा युक्तिवाद होता. पण ते दात तिच्या गटातल्या इतर प्राचीन प्राण्यांनाही नव्हते. नुसत्या अभावावरून नातं ठरत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात इजिप्तमधल्या ‘अफ्रॅडापिस’ या जीवाश्माचा अभ्यास आला. त्यात असंख्य लक्षणांची तुलना करून ईडाला लेमूर आणि त्यांचे नातेवाईक लोरिस यांच्या बाजूला, म्हणजे माणसाच्या शाखेबाहेर ठेवलं गेलं. बहुतेक तज्ज्ञ आज हेच मानतात.

आपल्या शेजारच्या गुजरातेत, सुरत जिल्ह्यातल्या वस्तान लिग्नाइट खाणीत, ईडाहूनही जुने, सुमारे ५.४५ कोटी वर्षांपूर्वीचे प्रायमेट (लेमूर, माकडं आणि माणूस ज्या गटात येतात, त्या गटातले प्राणी) सापडले आहेत. त्यांचे फोटो मात्र कुणी फिरवत नाही.